बाललेखनाचें परीक्षण

ग्रंथपरीक्षणाच्या कामांत कांहीं वर्षें घालविलेल्या मनुष्यास एक खोड जडते. हातांत कोणताही लिहिलेला कागद आला, कीं लेखकाला काय सांगावयाचें होतें, तें त्यानें कितपत साधलें, आणि जेथें साधलें नाहीं तेथें कशामुळें, हे तीन प्रश्न तो आपोआप विचारूं लागतो. ही खोड बरोबर घेऊनच आम्हीं मध्यंतरीं एका खेडेगांवच्या प्राथमिक शाळेंतील दुसरीच्या वर्गाच्या वह्या पाहिल्या. त्या वह्यांवर परीक्षकाच्या लाल शाईच्या खुणा विपुल होत्या. परंतु वरील तिहींपैकीं एकही प्रश्न त्या खुणांमागें असल्याचें आम्हांस दिसेना.

ज्या मासिकांत कादंबऱ्यांचीं आणि काव्यसंग्रहांचीं परीक्षणें छापावयाचीं, तेथें सात वर्षांच्या मुलीच्या चार ओळींची चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर एवढेंच, कीं लेखन ज्या वयांत जन्मास येतें त्याच वयांत त्याची पहिली परीक्षा होते. आणि त्या परीक्षेंत जें लेखन म्हणून गणलें जातें तेंच पुढें वर्गांत लेखन म्हणून शिकविलें जातें. आपल्या भाषेंत लिहिणारे कमी कां, आणि लिहितात त्यांतील बहुतेक दुसऱ्याचे शब्द कां लिहितात, या तक्रारी आपण साहित्यसंमेलनांच्या मंडपांत करतों. त्यांचें मूळ थोडें अलीकडे, दुसरीच्या वर्गांत, शोधून पाहण्यास हरकत नसावी.

त्या वह्यांतील एक पान असें होतें. मुलांना 'माझें घर' या विषयावर चार वाक्यें लिहावयास सांगितलीं होतीं. मुलीनें लिहिलें होतें: 'माज्या घरी दोन शेळ्या हायेत. येक गाबन हाय. ती पानी पीत न्हाई. आई रातीला झोपली न्हाई.' शब्द एकंदर सोळा. त्यांतील नऊ शब्दांखालीं लाल रेघ. आणि तळाशीं शेरा, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.'

प्रथम या लेखनांत काय साधलें आहे तें पाहूं. पहिल्या वाक्यांत घरांतील स्थिति सांगितली. दुसऱ्यांत दोहोंपैकीं एक शेळी वेगळी काढली. तिसऱ्यांत तिच्यासंबंधीं चिंतेची गोष्ट सांगितली, आणि तेथें 'शेळी' हा शब्द पुन्हां न योजतां 'ती' या सर्वनामानें काम भागविलें. वाक्यास वाक्य जोडण्याची ही युक्ति या लेखिकेस कोणीं व्याकरणाच्या तासाला शिकविली नव्हती. चौथें वाक्य शेळी सोडून एकदम आईकडे वळतें. 'म्हणून' हें अव्यय तेथें नाहीं. तें वाचकानें घालावयाचें आहे, आणि तें घालण्यास वाचकाला कांहींच अडचण पडत नाहीं. आमच्याकडे परीक्षणार्थ येणाऱ्या लघुकथांपैकीं किती कथांत लेखकाला वाचकावर इतका विश्वास टाकवतो, याचा हिशेब येथें न केलेला बरा.

आतां लाल रेघांकडे वळूं. 'माज्या', 'गाबन', 'पानी' हे शब्द ती मुलगी जसे बोलते तसेच तिनें लिहिले आहेत. तिच्या घरीं 'ण' आणि 'न' हे दोन वेगळे ध्वनि नाहींत, आणि 'भ'मधील महाप्राण शब्दाच्या मध्यावर गळून पडतो. जें कानांनीं ऐकिलें त्याचें अक्षर तिनें अचूक शोधलें. काना, मात्रा, वेलांटी यांपैकीं एकही जागा चुकलेली नाहीं. शब्दाशब्दांत अंतर आहे, वाक्याच्या शेवटीं पूर्णविराम आहे. सर्वांत नवलाची गोष्ट 'न्हाई' या शब्दाची. हा शब्द तिच्या पाठ्यपुस्तकांत नाहीं. पुस्तकांत आहे तो 'नाही'. तेव्हां अर्धा 'न' आणि पुढें 'हा' हें जोडाक्षर तिनें कोठूनही पाहून उतरलेलें नसून स्वतःच्या कानाच्या आधारें बनविलें आहे. दुसरीच्या मुलीनें न शिकविलेलें जोडाक्षर स्वतः जुळवावें, हें त्या पानावरील सर्वांत प्रगत लेखन होय. आणि परीक्षकाची लाल रेघ त्याच्याखालीं दोनदां ओढलेली आहे.

शेजारच्या मुलाच्या वहींत 'माझी शाळा' या मथळ्याखालीं पांच वाक्यें होतीं. अक्षर मोत्यासारखें, चूक एकही नाहीं, आणि समासांत 'छान' असा शेरा. तींच पांच वाक्यें त्याच क्रमानें आणखी अकरा वह्यांत होतीं, कारण तीं फळ्यावर लिहिलेलीं होतीं. त्या मुलास आम्हीं त्यांतील तिसरें वाक्य वाचावयास सांगितलें. त्यानें पहिल्यापासून पाठ म्हणून दाखविलें आणि तिसऱ्याशीं येऊन थांबला. नेमकें तिसरें कोणतें हें मात्र त्याला बोट ठेवून दाखवितां आलें नाहीं. हा मुलगा लिहीत नव्हता, चित्र काढीत होता. सत्रअखेरच्या नोंदींत त्याला लेखनांत प्रगति आणि त्या मुलीला 'सुधारणा आवश्यक' असें मिळालें. शिक्षक कामचुकार होते असें कोणीं समजूं नये. ते वर्गांत मन लावून शिकवीत होते, वह्या रोज तपाशीत होते. दोष त्यांच्या हातांत दिलेल्या मापाचा आहे.

हें माप आलें कोठून? इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या पुढाकारानें जी शिक्षणसंहिता अमलांत आली, तिनें शाळेचें अनुदान मुलांच्या परीक्षेंतील यशावर अवलंबून ठेविलें. शाळातपासनीस यावयाचा, एकेका मुलाला उभें करावयाचा, आणि वाचन, लेखन व गणित या तीन बाबींत तो उतरला किंवा नाहीं तें लिहून घ्यावयाचा. त्या संहितेंतील पहिल्या इयत्तेचें लेखन म्हणजे सांगितलेलीं अक्षरें पाटीवर वा फळ्यावर काढणें. दुसऱ्या इयत्तेचें म्हणजे छापील ओळ हातानें उतरणें. तिसऱ्या इयत्तेचें म्हणजे एकदां सावकाश वाचून मग शब्दाशब्दानें सांगितलेलें वाक्य लिहिणें. पुढील इयत्तांत सांगितलेला मजकूर लांबत गेला, एवढाच काय तो फरक. मुलानें स्वतःचें असें कांहीं लिहावें, ही अपेक्षा त्या मूळच्या कोष्टकांत नव्हती. ती असणें शक्यही नव्हतें; कारण तपासनीसाला एका दिवसांत शेंकडों मुलें पाहून पैशाचा हिशेब जुळवावयाचा होता, आणि पैशाच्या हिशेबाला मोजतां येईल अशीच वस्तु लागते. मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः तपासनीस असून त्यांनीं या पद्धतीवर त्याच वर्षीं कडक टीका केली, ती व्यर्थ गेली. निकालावर अनुदान देण्याची ही चाल आपल्या मुंबई इलाख्यांतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आली. अनुदानाचा तो नियम केव्हांच गेला. तपासनीसाच्या सोयीसाठीं ठरलेली लेखनाची व्याख्या मात्र शाळेच्या भिंतींत मुरून राहिली. अनुलेखन, श्रुतलेखन आणि शुद्धलेखन या तीन शब्दांपलीकडे प्राथमिक शाळेचें लेखन आजही फारसें जात नाहीं. पहिल्या दोहोंत मजकूर दुसऱ्याचा. तिसरें तर मजकुराचें नांवच नव्हे.

मापाचा दोष राज्यकर्त्यांना कधींच दिसला नाहीं असें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाला ज्ञान कितपत समजलें व त्याचा वापर करतां येतो कीं नाहीं याचें सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावें असें सांगितलें. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनानें २० ऑगस्ट २०१० रोजीं निर्णय काढला आणि आकारिक व संकलित असें दुहेरी मूल्यमापन सुरू केलें. पहिली-दुसरीला शंभरांपैकीं सत्तर गुणांचा भार आकारिकावर, म्हणजे रोजच्या निरीक्षणावर, तोंडी कामावर, उपक्रमांवर व स्वाध्यायावर ठेविला, आणि गुणांच्या जोडीस प्रत्येक मुलाविषयीं वर्णनात्मक नोंद लिहावी असें ठरविलें. कल्पना उत्तम होती. शिक्षकानें मुलाविषयीं गद्य लिहावें, असें सरकारनें सांगण्याचा प्रसंग वारंवार येत नाहीं.

त्या गद्याचें पुढें काय झालें, हें साहित्याच्या अभ्यासकानें पाहण्यासारखें आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. विषयवार, सत्रवार, 'विशेष प्रगती', 'आवड व छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा सदरांखालीं शेंदीडशें वाक्यें एकत्र केलेलीं. शिक्षकानें त्यांतील दोनतीन उचलावीं आणि मुलाच्या नांवापुढें ठेवावीं. हस्ताक्षर वळणदार काढतो. श्रुतलेखन अचूक करते. शुद्धलेखनांत सुधारणा आवश्यक. यांतील क्रियापद मुलाप्रमाणें 'करतो' किंवा 'करते' एवढें बदलावें लागतें, आणि घाईंत तेंही बदलावयाचें राहून जातें, म्हणून मुली 'करतो' झालेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. निरीक्षणाचें साहित्य म्हणून हा वाङ्मयप्रकार मोठा विलक्षण होय: यांतील एकही वाक्य खोटें नसतें आणि एकही वाक्य कोणाविषयींही नसतें. मुलानें फळ्यावरून उतरावें आणि शिक्षकानें यादींतून उतरावें, असा हा न्याय झाला. लेखन म्हणजे उतरणें, हा एकच धडा दोघांनीं सारख्या निष्ठेनें गिरविला आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गेल्या वीस वर्षांत प्राथमिक शिक्षणाची चर्चा ज्या आंकड्यांनीं गाजली ते आंकडे बहुतेक वाचनाचे व गणिताचे आहेत. २००५ पासून निघत आलेल्या 'असर' या पाहणीची कायमची साधनें पाहावीं: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ही वाचनाची शिडी, व तिच्या जोडीस अंकांची. घरोघर जाऊन एकेका मुलापुढें कागद धरणारी ही पाहणी फार मोलाची आहे, आणि तिनेंच सरकारांची झोंप मोडली, हें नाकारतां येणार नाहीं. ५ जुलै २०२१ रोजीं सुरू झालेल्या 'निपुण भारत' या कार्यक्रमानेंही तिसरीच्या मुलानें मिनिटाला निदान साठ शब्द अर्थ समजून वाचावे, असें लक्ष्य ठरवून दिलें. त्याच्या तपशीलवार क्षमतांत लेखन आहे. परंतु गांवोगांव भिंतीवर रंगविलेलें लक्ष्य मिनिटाच्या शब्दांचें. जें भिंतीवर नाहीं तें वर्गांत नाहीं, हा आपल्याकडील जुना अनुभव. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मराठी व कन्नड या दोन भाषांत पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षें जो अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१७ सालीं निघाला. त्यांतील मराठीचें क्षेत्र आजच्या पालघर जिल्ह्यांतलें आहे. वर्गांतील लेखनाचा मोठा भाग उतरून काढण्यांत व श्रुतलेखनांत जातो, आणि मुलाच्या स्वतःच्या मजकुराला जागा फार थोडी मिळते, असें जें चित्र त्यांत दिसतें, तेंच आम्हीं आमच्या त्या बारा वह्यांत पाहिलें.

कोणी विचारील, मग मापावें तरी कशानें? चूक ही चूकच ना? येथें देवनागरीची व मराठीची घडण थोडी बारकाईनें पाहिली पाहिजे; कारण सर्व चुका एका जातीच्या नसतात, आणि लाल रेघ मात्र एकाच जातीची असते.

ऱ्हस्वदीर्घाचें उदाहरण घ्यावें. मराठींत शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा, असा नियम आहे. आणि उपान्त्य स्वरासंबंधीं वेगळे नियम आहेत. हे नियम कानाला ऐकूं येत नाहींत, ते ठाऊक असावे लागतात. शेंकडों वर्षें आपलीं दप्तरें ज्या मोडी लिपींत लिहिलीं गेलीं तींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नसत, आणि त्यामुळें कोणाची सनद रद्द झाली नाहीं. तेव्हां सात वर्षांच्या मुलानें 'फूल'ऐवजीं 'फुल' लिहिलें तर त्याला नियम ठाऊक नाहीं एवढेंच सिद्ध होतें. त्याला लिहितां येत नाहीं असें सिद्ध होत नाहीं. अनुस्वाराची कथा तर अधिकच बोलकी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालीं आले आणि अनुच्चारित अनुस्वार एका दिवसांत अशुद्ध ठरले. प्रस्तुत लेखक हट्टानें अजून ते देतो. आजच्या दुसरीच्या श्रुतलेखनास आम्ही बसलों तर आमच्या प्रत्येक ओळींत चारदोन लाल रेघा पडतील, आणि तळाशीं तोच शेरा येईल.

याहून वेगळी जात म्हणजे ऱ्हस्व वेलांटीची. 'कि' उच्चारतांना आधीं 'क' येतो आणि मग इकार. लिहितांना वेलांटी डावीकडे, म्हणजे व्यंजनाच्या आधीं बसते. मुलाला आवाजाचा क्रम आणि डोळ्याचा क्रम यांतील हा विरोध सोडवावा लागतो. रफाराचें तसेंच: 'सर्व' या शब्दांत 'र' ऐकूं येतो 'व'च्या आधीं, आणि दिसतो 'व'च्या डोक्यावर. जो मुलगा 'सरव' लिहितो त्याला तिन्ही व्यंजनें क्रमानें ऐकूं आलीं आहेत. त्याला फक्त लिपीची एक चाल शिकवावयाची राहिली आहे. जो 'सव' लिहितो त्याला 'र' ऐकूंच आलेला नाहीं. दोघांनाही श्रुतलेखनांत शून्यच मिळतें. शिक्षकानें उद्यां दोघांना काय शिकवावें, याचें उत्तर मात्र अगदीं वेगळें आहे, आणि तें उत्तर त्या चुकीच्या अक्षरांतच लिहिलेलें आहे.

हें ओळखणारें परीक्षण जगांत अन्यत्र झालें आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनीं नवशिक्या मुलांच्या लेखनाचें निरीक्षण करण्याची जी पद्धति बसविली, तींत एक लहानसें श्रुतलेखन आहे. त्याचे एकंदर गुण ३७. परंतु ते शब्दांचे नव्हेत, ध्वनींचे आहेत. मुलानें जेवढे ध्वनि ऐकून योग्य अक्षरानें टिपले तेवढे गुण, मग संपूर्ण शब्दाचें वर्णलेखन चुकलें तरी चालेल. आमच्या मुलीच्या तीन शब्दांना हें माप लावून पाहूं. 'माझ्या' या शब्दांत पांच ध्वनि, तिला चार साधले. 'गाभण' या शब्दांत उच्चारानें पांच, साधले तीन. 'पाणी' या शब्दांत चार, साधले तीन. लाल रेघेच्या मापानें शून्य. या मापानें चवदांपैकीं दहा. आणि तिच्या घरच्या उच्चाराशीं ताडून पाहिलें तर चवदांपैकीं चवदा. क्ले यांची दुसरी कसोटी याहून सोपी: मुलाला कागद द्यावा, दहा मिनिटें द्यावीं, आणि त्याला येत असलेले सर्व शब्द लिहावयास सांगावे. मुलानें काय चुकविलें यापेक्षां त्याच्याजवळ काय आहे, हें तेथें विचारलें जातें. बहुतेक मुलें आरंभ स्वतःच्या नांवापासून करतात. १९७५ सालीं निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचें नांवच, मीं काय लिहिलें, असा मुलाचा प्रश्न आहे.

अर्जेंटिनांत जन्मलेल्या एमिलिया फेरेरो (त्या २०२३ सालीं वारल्या) यांनीं आना तेबेरोस्की यांच्यासह १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याच्या पुढचें पाऊल टाकलें. शाळेंत अक्षर शिकण्यापूर्वींही मुलाची लेखनाविषयीं एक उपपत्ति असते, आणि ती पायरीपायरीनें बदलते, असें त्यांनीं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या निरीक्षणावरून दाखविलें. त्यांपैकीं एका पायरीवर मूल शब्दांतील प्रत्येक अवयवाला एकच वर्ण लिहितें. ही पायरी आपल्याकडे जशीच्या तशी आणतां येणार नाहीं, हें आमच्या शिक्षणशास्त्रज्ञांनीं लक्षांत ठेवावें. कारण आपलें अक्षर हेंच मुळीं अवयवाच्या मापाचें आहे. तरीपण 'कागद'बद्दल 'कगद' आणि 'पाणी'बद्दल 'पन' लिहिणारें मूल आपल्याला ठाऊक आहे. त्याला आपण 'काना-मात्रा येत नाही' म्हणून सोडून देतों. वस्तुतः शब्दांत अक्षरें किती आणि त्यांचीं व्यंजनें कोणतीं, हें त्यानें हस्तगत केलेलें असतें. स्वर तेवढे उरलेले असतात. पोकळ भांडें आणि अर्धें भरलेलें भांडें यांत आपलें माप भेद करीत नाहीं, असा याचा अर्थ.

परक्या देशांचीं नांवें घेण्याची आवश्यकता नाहीं, असें म्हणणाऱ्यांस आमचें म्हणणें असें, कीं आपलीं नांवें आपण घेतलीं असतीं तर बरें झालें असतें. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि अनुताई वाघ यांच्यासह १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें काम केलें. ज्या मुलाच्या घरची बोली पुस्तकाची नाहीं त्याच्यापाशीं शाळेनें कसें जावें, हा प्रश्न त्यांनीं अंगणांत बसून सोडविला. त्याच जिल्ह्यांतील वह्यांवर आज 'सुधारणा आवश्यक' असा शेरा पडत असेल, तर कोसबाड आपल्या अभ्यासक्रमांत केवळ थोरांच्या चरित्रापुरतें उरलें, असें म्हणावें लागेल.

आतां आक्षेपांचा विचार करूं, कारण ते हलके नाहींत. पहिला आक्षेप असा, कीं असें बारीक परीक्षण करावयास शिक्षकाला वेळ कोठून येणार? कायद्यानें प्राथमिक शाळेंत तीस मुलांमागें एक शिक्षक सांगितला असला, तरी दोन शिक्षकांच्या शाळेंत एकेकाकडे दोनतीन वर्ग असतात. हें खरें आहे. परंतु आज तोच शिक्षक प्रत्येक वहींतील प्रत्येक शब्दाखालीं रेघा ओढतो आणि प्रत्येक मुलासाठीं नोंदी उतरतो. त्या श्रमाचें फळ काय? वर्षांतून तीनदां मुलाचें एक पान नीट वाचावें, त्यावर दोन ओळी त्या मुलाविषयींच्याच लिहाव्या, आणि तीं पानें एकापुढें एक ठेवावीं, एवढें केलें तर काम वाढणार नाहीं. घटेल, अशी आमची समजूत आहे.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. श्रुतलेखनाचे गुण कोणीही दिले तरी तेवढेच येतात. लेखनाचा दर्जा ठरवूं लागलें कीं ज्याची त्याची आवड आड येते. अमेरिकेंत १९१२ सालीं स्टार्च व एलियट यांनीं इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांकडे तपासण्यास पाठविली, तेव्हां शंभरांपैकीं कोणीं सत्तरांच्या आंत गुण दिले, तर कोणीं नव्वदांच्या वर. त्यांच्याआधीं दोन वर्षें थॉर्नडाइक यांनीं हस्ताक्षराची पट्टी तयार केली होती: लहानमोठ्या दर्जाचे नमुने क्रमानें लावलेले, मुलाचा कागद त्यांशेजारीं धरावा आणि ज्या नमुन्याशीं जुळेल तो त्याचा दर्जा. पट्टी हस्ताक्षराची असली तरी तिच्यामागील विचार उपयोगी आहे. मनुष्याला एकट्या कागदास गुण देतां येत नाहींत. पण दोन कागद शेजारीं ठेवले तर कोणता सरस हें तो बऱ्याच विश्वासानें सांगतो. तालुक्यांतील चार शिक्षकांनीं शनिवारीं दुपारीं एकत्र बसून दहा पानें क्रमानें लावलीं, तर त्या तालुक्याची आपली पट्टी तयार होईल. मतभेद होतील, त्यांतूनच वाचन होईल. आमच्या व्यवसायांतही याहून निराळें कांहीं घडत नाहीं.

तिसरा आक्षेप बोलीचा. मुलीला 'पाणी' शिकवावयाचें कीं नाहीं? अर्थात् शिकवावयाचें. प्रमाण भाषा हातीं नसेल तर पुढें तिचा अर्ज कोणी वाचणार नाहीं, आणि गरीब घरच्या मुलीला प्रमाण भाषा नाकारणें हा प्रेमाचा बुरखा पांघरलेला अन्याय होय. या बाबतींत बोलीचें कौतुक करून थांबणाऱ्या पंडितांशीं आमचें जुळत नाहीं. वाद आहे तो क्रमाचा आणि मापाचा. 'पानी' हें 'पाणी' होण्यास एखादें वर्ष लागेल, आणि तें होईलच. कारण त्या मुलीचा कान चांगला आहे, हें तिच्या 'न्हाई'नें सिद्ध केलें आहे. पण तिला चार वाक्यांत शेळीपासून आईपर्यंत जातां येतें, ही गोष्ट पहिल्याच दिवशीं कोणीं पाहिली नाहीं, तर ती पुढें शिकवून येईल याची हमी कोण देईल? शुद्धलेखनाची सक्ति पुढेंही करतां येते. सांगण्याची इच्छा मात्र एकदां आटली म्हणजे तिचा तास वेळापत्रकांत लावतां येत नाहीं.

आमच्याकडे त्या पानावर नोंद लिहावयास दिली असती, तर आम्हीं अशी लिहिली असती: वाक्यें स्वतःचीं, क्रम स्पष्ट, सर्वनाम योग्य योजतें, ऐकलेलें जोडाक्षर स्वतः जुळवितें, ण-न व भ-ब यांतील भेद अजून कानीं नाहीं, तो तिच्याच शब्दांपासून आरंभ करून शिकवावा, शेळीचें काय झालें तें विचारावें. यांतील शेवटचें कलम वगळलें तरी चालेल, असें कांहीं शिक्षकमित्रांनीं आम्हांस सुचविलें. आम्हीं तें वगळलेलें नाहीं. लिहिलेलें कोणीतरी वाचतो, हें मुलाला कळण्याचा दुसरा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.

आम्हीं ती वही उलटून पुढचें पान पाहिलें. त्यावर 'माझ्या', 'गाभण', 'पाणी', 'नाही' हे शब्द प्रत्येकीं दहादहा वेळां लिहिलेले होते, सगळे शुद्ध, ओळीला ओळ लागून. त्याच्या पुढच्या पानावर फळ्यावरचें 'माझी शाळा' होतें. शेळी व्याली कीं नाहीं, हें वहींत पुढें कोठेंही लिहिलेलें नाहीं.